परत पाठवलेलं विधेयक

ऐकून राहिले नं, निखिलचे बाबा? मंगळवारी संध्याकाळी तुमचं विधेयक सहीसाठी माझ्या हातात आलं, मी सही न करता ते परत पाठवलं, आणि बुधवारी सकाळी तुम्ही गेले. एवढंच आहे. यापुढे जे लिहीन ते याच्याच आजूबाजूचं असेल. लोकांना मी हे सांगितलं नाही. हृदय बंद पडलं म्हटलं की लोकांचं भागते. आणि सांगायला बसलं तर आधी हे सांगावं लागेल, की घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर या घरात विधेयक काहून मांडावं लागते. ऐकणारा म्हणेल, नवरा गेला आणि बाई खुळावली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले होते, वंदना झाली, सगळे जेवून गेले. तरी माणसं येऊनच राहिलीत. परवा पनागरहून एक जण आला, तुमचा फार जुना विद्यार्थी, आता तिकडेच शाळेत शिकवतो. पाणी घेतलं, तुमच्या फोटोपुढे उभा राहिला आणि तुमचा नागरिकशास्त्राचा धडा म्हटल्यासारखं सुरू झाला. पहिलं वाचन, नुसतं मांडायचं, चर्चा नाही. दुसरं वाचन, एकेका खंडावर चर्चा. तिसरं वाचन, हो की नाही. मग दुसरं सभागृह. "फिर राष्ट्रपति," असं म्हणाला आणि तिथेच त्याला रडू कोसळलं.

तो सांगत होता, थंडीच्या दिवसांत वर्गाची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर पोरांची भांडणं व्हायची. तुम्ही म्हणाले, विधेयक मांडा. पोरांनी तीन वाचनं केली, दुसऱ्या तुकडीला वरचं सभागृह केलं, हेडमास्तरांना राष्ट्रपती केलं. खिडकी बंद ठेवायचा कायदा पास झाला तेव्हा पंखे सुरू झाले होते. पण वार्षिक परीक्षेत तो प्रश्न आला आणि एका पोराचंही उत्तर चुकलं नाही. मी हसले. मग चहा करते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. "फिर राष्ट्रपति" म्हणताना तो माझ्याकडे पाहत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, या घरातली राष्ट्रपती मीच म्हणून.

तुम्ही शाळेतला धडा घरी आणला असं निखिल नेहमी म्हणते. उलटं आहे ते. हे मला तुम्ही भंडाऱ्याला पाहायला आले तेव्हापासूनचं माहीत आहे. आमच्या घरी डाळीत मीठ किती, हेसुद्धा बाबा ठरवायचे. मला विचारणं तर दूरच, मला खोलीत थांबू पण देत नव्हते. तुम्ही म्हणाले, मुलीशी दोन शब्द बोलायचे आहेत. ओसरीवर, सगळ्यांचे कान तिकडे, आणि तुम्ही घसा साफ करून म्हणाले की आज मी फक्त मांडून ठेवतो, आज हो-नाही काही म्हणू नका, परवापर्यंत काय पटते काय नाही ते एक-एक करून विचारा. आमच्या बाबांना वाटलं पोरगा नाही म्हणून राहिला. मी तीन प्रश्न पाठवले. लग्नानंतर शिवणाचं काम करू द्याल का, जबलपूरला माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी आहे का, आणि राग आला की हात उचलता का. तिन्हीची उत्तरं तुम्ही कागदावर लिहून पाठवली, तिसऱ्याचं सगळ्यात मोठं. मग मी हो म्हटलं. आयुष्यात मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. त्याचे उपकार मी कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत. बोलायला पाहिजे होतं.

तुमचे बाबा कारखान्यात कामाला होते, ते गावाहून निघाले तेव्हा कोणालाही न विचारता निघाले. का, ते तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलं. आपल्या लोकांनी कुठे राहायचं, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं, हे दुसऱ्यांनी ठरवलं आणि पिढ्यान्पिढ्या आपल्याला विचारलं नाही. म्हणून या घरात शेंबड्या लेकरालाही विचारल्याशिवाय काही ठरणार नाही, असं तुम्ही म्हणायचे. ते बोलताना तुमचा आवाज वेगळा व्हायचा. बाकीच्या वेळी तुम्ही या सगळ्याची मजाच घ्यायचे. पण त्याच्या खाली हे होतं, आणि ते मला माहीत होतं, म्हणून मी तुमची वाचनं चालवून घेतली. दुसरी असती तर कागद चुलीत घातले असते.

तुमच्या आई राष्ट्रपती होत्या तेव्हाची गंमत आठवते नं? विजय नगरला घर बदलायचं विधेयक तिन्ही वाचनांत पास झालं, आईंकडे सहीला गेलं, आणि आईंनी ते उशीखाली ठेवून दिलं. त्यांना जुन्या मोहल्ल्यातल्या मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या. नाही म्हणाल्या असत्या तर वाद घालता आला असता. पण त्या काही म्हणतच नव्हत्या. दोन महिने. मी चिडले, आणि तुम्ही खूश. म्हणे, आई अक्षरशः संविधानानुसार वागून राहिली, राष्ट्रपतींनी किती दिवसांत सही करावी हे कुठे लिहिलेलंच नाही. शेवटी मीच रोज संध्याकाळी रिक्षानं मैत्रिणींकडे नेऊन आणायचं कबूल केलं तेव्हा उशीखालून कागद निघाला.

आई गेल्या आणि ते पद माझ्याकडे आलं. मी भांडले होते. म्हटलं, सभागृहात होते तर मत तरी होतं, आता म्हणजे मी नुसता शिक्का. तुम्ही म्हणाले, शिक्का नाही, एकदा परत पाठवायचा हक्क आहे. एकदाच. दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते. आणि चर्चेत मात्र राष्ट्रपतींनी बोलायचं नाही. त्या नियमाचा मला किती राग यायचा. दोन खोल्यांचं घर, तुम्ही बापलेक बाहेर चर्चा करणार, मला स्वयंपाकघरात शब्द न शब्द ऐकू येणार, आणि बोलायचं नाही. मी भांडी आपटायचे. तुम्ही तिकडून म्हणायचे, महामहिम नाराज दिसतात. निखिलच्या मोटरसायकलचं विधेयक मी परत पाठवलं होतं, हेल्मेटचा खंड घाला म्हणून. पोट्टा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे ट्रकनं कट मारला तेव्हा त्या हेल्मेटलाच चीर गेली, त्याला नाही. तेव्हापासून तुम्ही आल्यागेल्याला सांगायचे, परत पाठवण्याचा हक्क काय असतो ते आमच्या घरी येऊन पाहा. मला गर्व वाटायचा. खोटं काहून बोलू.

आता अध्यादेशाचं बोलते. या एका गोष्टीवरून आपलं भांडण कधी मिटलं नाही आणि आता ते मिटणारही नाही.

आपली केतकी बारावी झाली त्या वर्षी मी भंडाऱ्याला होते, आमचे बाबा आजारी होते. निखिल शाळेच्या शिबिराला गेलेला. केतकीला पुण्याला शिकायचं होतं, अर्जाची शेवटची तारीख डोक्यावर आली होती. तुमचा धीर होईना पोरीला इतकं दूर पाठवायचा. तुम्ही काय केलं, तर सभागृह भरलेलं नाही आणि तातडी आहे, असं म्हणून अध्यादेश काढला. केतकी जबलपूरलाच शिकेल. आईंनी लगेच सही केली, त्यांनाही नात डोळ्यापुढे पाहिजे होती. मी परत आल्यावर अध्यादेश घरात मांडला गेला आणि मी आणि निखिलनं तो पाडला. नियमानं तो रद्द झाला. पण पुण्याची तारीख निघून गेली होती. केतकी ओरडली नाही, रडली नाही. "बाबा, अध्यादेश रद्द झाला नं? मग माझं वर्ष परत द्या," एवढंच म्हणाली. शाळेत तुम्ही हेच शिकवायचे, की अध्यादेश पडला तरी त्याच्याखाली जे होऊन गेलं ते मागे फिरत नाही.

पुढच्या वर्षी ती पुण्याला गेली आणि मग पाहुणी म्हणूनच आली. तुम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं, या घरात अध्यादेश निघणार नाही. आणि केतकीला एकटीला वरचं सभागृह केलं, तिनं फोनवर हो म्हटल्याशिवाय काही पास होणार नाही म्हणून. ती तुमची माफी होती, मला कळली, तिलाही कळली असेल. पण मी तेव्हाही म्हटलं होतं, अहो, एकदा चुकलं म्हणून आपण दारच बुजवून राहिलो. उद्या घराला आग लागली तर तीन वाचनं करणार का? तुम्ही म्हणाले, आग लागली तर माणूस पळते, त्याला कायदा लागत नाही. बरोबर. पण आग म्हणून ओळखू तर यायला पाहिजे. तुमची आग धूर न काढता आली.

मटारच्या ठेल्यापाशी तुम्ही पडले तेव्हा ठेलेवालाच तुम्हाला रिक्षात घालून घेऊन आला. पाटनचे मटार आहेत, गोड आहेत, असं म्हणत तुम्ही शेंग सोलून तोंडात टाकली आणि खाली बसले, असं त्यानं सांगितलं. निखिल भोपाळहून त्याच दिवशी आला. गुरुवारी डॉक्टरांनी तपासणी पाहून सांगितलं की हृदयाची एक झडप फार अरुंद झाली आहे, बदलावी लागेल, नागपूरला घेऊन जा. "सर, आठ दिन से ज्यादा मत खींचिए," असं म्हणाले. तुम्ही मान हलवली. तुम्हाला दुखत नव्हतं, चालता येत होतं, घरी येऊन तुम्ही पोहे मागितले. कोणाला दिसणार आग?

निखिल म्हणाला, मी आत्ताच गाडी ठरवतो, पहाटे निघू. तुम्ही त्याच्याकडे पाहून विचारलं, "अध्यादेश काढून राहिला काय?" त्यानं फोन खिशात टाकला. या घरात त्या शब्दापुढे कोणी जात नाही. मग तुम्ही पलंगावर बसून पॅड मांडीवर घेतलं आणि स्वतःचं विधेयक स्वतः लिहिलं. निखिलच्या बाबांना नागपूरला नेण्याबाबत. त्याच संध्याकाळी पहिलं वाचन झालं. तुमचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत घरात काही मांडण्यासारखं घडलंच नव्हतं, लेकरं दूर, आपण दोघंच. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. निखिल समोर बसला आहे, तुम्ही नाव वाचून दाखवून राहिले, मी आतून ऐकून राहिले. घर भरल्यासारखं वाटत होतं.

दोन वाचनांत एक दिवस सोडायचा, हा आपला नियम. शुक्रवार सुट्टी. शनिवारी एकेका खंडावर चर्चा. रविवार सुट्टी. सोमवारी तिसरं वाचन, तुम्ही हो, निखिल हो. मग केतकीला फोन. तिनं एक दिवस मागितला, आणि मंगळवारी दुपारी दुरुस्ती सांगितली, शेजाऱ्यांची गाडी नको, ऑक्सिजनवाली अँब्युलन्स पाहिजे. चांगलीच दुरुस्ती होती. तुम्ही म्हणाले, पाहा, दुसरं सभागृह कशाला असते ते पाहा. दुरुस्ती झाली म्हणून कागद पुन्हा पहिल्या सभागृहात आला, संध्याकाळी तुम्ही दोघांनी ती मान्य केली. आणि मग निखिलनं कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. वर तुमच्या सवयीनं उद्देश व कारणे लिहिली होती. रुग्णाची झडप अरुंद झाली आहे. रुग्णाला अजून जगायचे आहे. बस, दोन ओळी. खाली खंड. चौथ्या खंडात लिहिलं होतं की सोबत निखिल जाईल, केतकी पुण्याहून परस्पर येईल, आणि रत्ना गुडघ्यांच्या त्रासामुळे जबलपूरला घरी राहील. शेवटच्या खंडात, सही झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे हा कायदा अमलात येईल.

शनिवारी त्या चौथ्या खंडावर तुमची चर्चा झाली तेव्हा मी आत कणीक मळून राहिले होते. दवाखान्याच्या बाकावर तिला बसवेल का, जिने चढवतील का, तिचं जेवणखाण कोण पाहील, असं तुम्ही निखिलला म्हणत होते. माझ्या काळजीनंच म्हणत होते. पण मला विचारलं नाही. सगळ्यांना विचारणाऱ्या माणसानं मला विचारलं नाही, आणि मला बोलायची परवानगी नव्हती, कारण मी महामहिम. तेव्हाच पिठाच्या हातानं बाहेर येऊन म्हणायचं होतं की गेला तुमचा नियम खड्ड्यात, मी येणार. मी कणीक मळत राहिले. वाटलं, येईल कागद माझ्याकडे, मग दाखवते.

आला. मी खाली लिहिलं, खंड चारमध्ये माझे नाव घालावे, पुनर्विचारासाठी परत. निखिलनं कपाळाला हात लावला. म्हणाला, आई, हे तोंडी सांग, मी तुला गाडीत बसवतो, सही कर. मी ऐकलं नाही. आणि तुम्ही, तुम्ही तर हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले. म्हणाले, महामहिमांनी हक्क बजावला, उद्या संध्याकाळी बसू, दहा मिनिटांत पास करू, मग मात्र सही करावीच लागेल हं. अँब्युलन्सवाल्याला निखिलनं एक दिवस पुढे ढकललं.

लोक ऐकतील तर म्हणतील, रुसून परत पाठवलं. लेकरांनाही तेच वाटते. तुम्हालाही तेच वाटलं असेल. पण ते पूर्ण खरं नाही, आणि हे मी फक्त तुम्हाला सांगून राहिले. चौथा खंड निमित्त होता. मला भीती वाटली. तुमची छाती उघडणार, तुम्ही टेबलावर पडलेले, आणि मी तिथे असले काय नसले काय, तुम्ही परत येणार नाही, असं मला वाटून राहिलं होतं. शेवटच्या खंडात लिहिलं होतं नं, सही झाल्यावर दुसऱ्या दिवशी. म्हणजे मी सही केली नाही तोवर ती पहाट येणार नव्हती. आईंना मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या, मला तुम्हाला सोडायचं नव्हतं. मी तुम्हाला एक दिवस घरात ठेवून घेतलं. एकच दिवस पाहिजे होता मला.

बुधवारी सकाळी तुम्ही तोंड धुऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, रत्ना, चष्मा दे. मी खिडकीतला चष्मा घेऊन वळले. तेवढ्यात. मी चष्मा हातात घेऊन किती वेळ तुम्हाला हाक मारत होते, ते निखिलनं नंतर सांगितलं. चष्मा कशाला मागितला ते कळलं नाही. पेपर वाचायलाच असेल.

डॉक्टरांना मी विचारलं, मंगळवारी सही झाली असती तर? त्यांनी सांगितलं, असं काही सांगता येत नाही. निखिल म्हणते, पहाटे निघालो असतो तर त्या वेळी आपण लखनादौनच्या आसपास रस्त्यात असतो, काय फरक पडला असता. मग तोच म्हणते, ऑक्सिजन तर होता. मग म्हणते, मी गुरुवारीच ऐकायला नको होतं, उचलून न्यायला पाहिजे होतं. केतकी म्हणते, माझ्या दुरुस्तीत मंगळवारचा दिवस गेला, तेव्हाच होय म्हटलं असतं तर. रात्रंदिवस तिघं बसून आम्ही तुमच्या मरणाचे दिवस आपापसात वाटून घेऊन राहिलो, आणि कोणी आपला वाटा सोडायला तयार नाही. त्यांचे वाटे मी मानत नाही. त्यांनी घरचा नियम पाळला. मी नियमाचा आडोसा घेतला.

तुमच्यावरही मला राग आहे, ऐकून घ्या. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. स्वतःच्या जिवाचं विधेयक कोणी सुट्ट्या सोडून सोडून चालवते काय? एका अध्यादेशानं पोरीचं वर्ष गेलं, ते मनात खुपत होतं तर तिची माफी सरळ मागायची होती. तुम्ही नियम केला. आणि इतका सुंदर केला की आम्ही तिघं शहाणी माणसं त्यात अडकून बसलो आणि आम्हाला ते प्रेम वाटलं. होतंच ते प्रेम. तोच तर वांधा आहे. तुम्ही आम्हाला विचारत राहिले, आणि आम्ही उत्तर द्यायला वेळ घेतला, तुम्हीच शिकवल्यासारखा.

परवा लेकरं बाहेर गेली होती तेव्हा मी तो कागद काढला. पेन पण घेतलं. वाटलं, सही करून टाकते, कुठेतरी पोचेल. पण परत पाठवलेल्या कागदावर मला सही करता येत नाही, तो सभागृहातून पुन्हा पास होऊन यावा लागतो. आणि सभागृहच राहिलं नाही. सभागृह बरखास्त झालं की त्याच्यापुढे पडून राहिलेली विधेयकं आपोआप मरतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं, कोण्या निवडणुकीच्या वेळी, टीव्ही पाहता पाहता. किती वर्षं अडकलेलं कोणतं तरी विधेयक होतं ते. मी म्हटलं होतं, अरे बापा, मग त्यात ज्यांचा जीव अडकला त्यांचं काय? तुम्ही म्हणाले, ते पुढच्या सभागृहाची वाट पाहतात. मी कागद पुन्हा पॅडखाली ठेवला.

काल जेवण झाल्यावर निखिल माझ्याजवळ येऊन बसला. केतकी मागे दाराशी उभी. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, दोघांचं बोलणं झालेलं आहे. तो म्हणाला, आई, शुक्रवारी तू माझ्यासोबत भोपाळला येशील, कायमची. घराला कुलूप लावू, सामानाचं नंतर पाहू. आता वाचन-बिचन काही नाही. शेवटचं वाक्य त्यानं खाली मान घालून म्हटलं. मला हे घर सोडायचं नाही. मला इथेच राहायचं आहे, तुमच्या खुर्चीपाशी, पनागरच्या त्या मास्तरसारखं कोणी येईल त्याला चहा करून देत. भोपाळला मी कोणाशी बोलू? सगळं तोंडाशी आलं होतं. दोन दिवस थांबा म्हणायचं होतं, एक-एक करून विचारायचं होतं, निदान परत पाठवते एवढं तरी म्हणायचं होतं.

मी लगेच हो म्हटलं. तुमच्या वेळी म्हणायला पाहिजे होतं तितक्या लवकर.